मुखशोष आणि दंतनाश : शोग्रेन विकाराच्या निमित्ताने

‘तोंड कोरडे पडते’ ही तक्रार आपल्या चिकित्सालयांत नित्याची आहे. बहुधा ती पित्तप्रकोप, मधुमेह, रजोनिवृत्ती अथवा चिंता यांच्या खाती जमा होते. पन्नाशीच्या एका रुग्णेबाबत आमच्याही हातून असेच घडले. आम्ही तिला खडीसाखर व ज्येष्ठमध चघळण्यास सांगितले. शोष थोडा कमी वाटला. परंतु वर्षभरात हिरडीलगत अनेक दात किडले. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते व सांधे दुखतात, हे तिने आम्ही विचारल्यावरच सांगितले. तपासणीअंती शोग्रेन विकाराचे निदान झाले.

स्वीडनचे नेत्रवैद्य हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ साली आपल्या प्रबंधात १९ स्त्रीरुग्णांच्या आधारे या विकाराचे वर्णन केले. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लाला व अश्रुग्रंथींवर आघात करते. स्त्रियांत तो पुरुषांच्या सुमारे नऊपट आढळतो.

लाळ आम्लता शमविते, दातांना कॅल्शियम व फॉस्फेट पुरविते आणि जंतूंना आवर घालते. सुमारे ५.५ पीएचखाली दाताचे कवच विरघळू लागते. मुळाचा भाग त्याहून सौम्य आम्लतेतही झिजतो. म्हणून लालाक्षयात कीड दाताच्या मानेशी लागते. जिभेची आग, तिखट न सोसणे, कॅन्डिडा बुरशी व कवळी न बसणे ही पुढील लक्षणे होत.

आपल्या शास्त्रदृष्टीने हा जिह्वामूलस्थित बोधक कफाचा क्षय व वातवृद्धी होय. तालू व क्लोम ही मुळे असलेल्या उदकवह स्रोतसांच्या दुष्टीत चरकाने जिह्वा, तालू, ओष्ठ व कंठ यांचा शोष सांगितला आहे. मात्र शोग्रेनचा नेमका प्रतिशब्द ग्रंथांत शोधण्याचा अट्टहास नको.

परीक्षण सोपे आहे. रुग्णास स्वस्थ बसवून १५ मिनिटे आपोआप जमणारी लाळ मापनलिकेत घ्यावी. ती १.५ मिली किंवा त्याहून कमी भरल्यास संशय बळावतो. अ‍ॅलर्जी व नैराश्यावरील काही औषधांनीही शोष होतो. तेव्हा चालू औषधांची यादी पाहावी. अँटी-रो रक्तचाचणी नकारात्मक आली तरी निदान नाकारता येत नाही. प्रसंगी ओठाच्या आतील लघुग्रंथींची बायोप्सी लागते.

औषधी-दुकानदारांस विशेष विनंती अशी की, अशा रुग्णास खडीसाखर, साखरयुक्त गोळ्या वा आवळासुपारी चघळण्यास देऊ नये. शर्करा व आम्ल हे दोन्ही लाळेवाचून दातांवर तसेच राहतात. आसव-अरिष्ट व अवलेह घेतल्यावर पाण्याने चूळ भरावी. खरखरीत व अतितुरट दंतमंजने टाळावीत. ज्येष्ठमध दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते, हेही ध्यानी ठेवावे.

तिळतेल वा तुपाचा गंडूष स्निग्धता देतो. पण तो फ्लोराइडची जागा घेत नाही. दंतवैद्याकडून नियमित तपासणी व फ्लोराइड उपचार, वारंवार पाण्याचे घोट आणि साखरविरहित च्युइंगगम यांची जोड द्यावी. विकाराचे नियंत्रण संधिवाततज्ज्ञांच्या सहकार्याने करावे. कानाखालील ग्रंथीची सूज टिकून राहिल्यास वा वाढल्यास विलंब करू नये. या रुग्णांत लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो.

त्या रुग्णेचे गेलेले दात आम्ही परत आणू शकलो नाही. मुखशोषाच्या प्रत्येक रुग्णास डोळे, दात व सांधे या तिहींविषयी विचारावे, एवढा धडा मात्र आम्ही घेतला आहे.