मूठ कोणावर उगारावी?

(तरुण संघ व रविवारच्या शाळेच्या शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

शास्त्रवाचन : १ करिंथ. ९:२४-२७, १ करिंथ. ६:१९-२०, उत्पत्ती १:२७, लूक २२:६३-६५

पाठाचा हेतू : मुष्टियुद्धाची तरुणांना ओढ का वाटते हे समजून घेणे, आणि या खेळाकडे ख्रिस्ती मनुष्याने कोणत्या दृष्टीने पाहावे याचा शास्त्राच्या प्रकाशात विचार करणे.

प्रस्तावना

इंदूर हे मल्लांचे गाव. होळकर संस्थानाने पहिलवानांना आश्रय दिला आणि लाल मातीचे आखाडे येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदले. २०१६ साली आलेल्या 'दंगल' या चित्रपटातील कलाकारांना कुस्तीचे डावपेच शिकवणारे कृपाशंकर बिष्णोई हे इंदूरचेच. अशा गावात अंगमेहनतीच्या खेळाचे कौतुक असावे यात नवल नाही. पण आता आपल्या मुलामुलींच्या तोंडी कुस्तीबरोबर बॉक्सिंगचेही नाव येऊ लागले आहे. "मी बॉक्सिंग शिकू का?" असे मुलाने विचारले की आईवडील गोंधळतात. "मारामारीचा खेळ आपल्याला शोभत नाही" असे म्हणून विषय संपवणे सोपे आहे. "त्यात काय, खेळच तो" असे म्हणणे त्याहून सोपे आहे. या दोन्ही उत्तरांनी मुलाचे समाधान होत नाही. म्हणून या प्रश्नाचा आपण नीट, क्रमाने विचार करू या.

१. ही ओढ कशाची?

प्रथम न्यायाने बोलू या. या खेळात तरुणांना काही चांगले दिसते म्हणूनच ते त्याकडे वळतात. पहाटे उठणे, पथ्याने खाणे, व्यसनापासून दूर राहणे, भीतीला तोंड देणे, हे सारे मुष्टियोद्ध्याला शिकावेच लागते. शिवाय या खेळाला मोठे मैदान लागत नाही की महागडी साधने लागत नाहीत. त्यामुळे गरिबाच्या मुलालाही तो जवळचा वाटतो.

मणिपूरच्या मेरी कोमचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. शेतमजुरी करणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबातील ही मुलगी. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत तिच्याच राज्याच्या डिंको सिंगने सुवर्णपदक मिळवले, ते पाहून ती या खेळाकडे वळली. पुढे ती सहा वेळा जगज्जेती झाली आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तिने कांस्यपदक मिळवले. दोन मुलांची आई असताना तिने हे ऑलिंपिक पदक मिळवले, हे विशेष.

आपल्या मराठी माणसांत मुरलीकांत पेटकर यांचे नाव घ्यावे लागेल. सांगली जिल्ह्यातील हा तरुण सैन्यात गेला व तेथे मुष्टियोद्धा झाला. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून तो कायमचा अपंग झाला; मुष्टियुद्ध संपले. परंतु तो पोहू लागला, आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील अपंगांच्या जागतिक स्पर्धेत पन्नास मीटर पोहण्यात त्याने सुवर्णपदक जिंकले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुठी थांबल्या, पण जिद्द थांबली नाही.

मिशनऱ्यांनीही हा गुण ओळखला होता. श्रीनगरच्या मिशन शाळेत १८९० पासून काम करणारे टिंडेल-बिस्को यांनी होड्या वल्हवणे आणि पोहणे यांबरोबर मुष्टियुद्धही मुलांना शिकवले. मुलांनी भित्रेपणा सोडावा आणि दुर्बळांच्या मदतीला धावावे, हा त्यांचा उद्देश होता. सामर्थ्य हे देवाचे दान आहे. ते लपवून ठेवण्यासाठी दिलेले नाही.

२. पौलाचा दाखला

करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियाचे खेळ होत. तेव्हा ग्रीक मुष्टियोद्धे हातांना चामड्याचे पट्टे गुंडाळत. आजच्यासारख्या ठरावीक मिनिटांच्या फेऱ्या नसत. एकाने हार मानेपर्यंत किंवा तो पडेपर्यंत लढत चाले. करिंथकरांनी हे पाहिलेले होते, म्हणूनच पौल त्यांच्याशी याच भाषेत बोलतो. आपण वाऱ्यावर ठोसे मारीत नाही, असे तो सांगतो.

पण पुढचे वचन नीट पाहा. सत्ताविसाव्या वचनात तो आपले शरीर कह्यात ठेवण्याविषयी बोलतो. तेथील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ "डोळ्याखाली ठोसा मारणे" असा आहे. म्हणजे पौल खराखुरा मुष्टिप्रहार करतो, पण कोणावर? शेजाऱ्यावर नव्हे, स्वतःच्या देहाच्या हट्टावर. मुष्टियोद्ध्याची शिस्त तो घेतो, निश्चय घेतो, नेम घेतो. पण मुठीची दिशा बदलतो. या वचनाने मुष्टियुद्धाला मान्यता मिळाली असे काहीजण म्हणतात. दाखला देणे म्हणजे मान्यता देणे नव्हे. प्रभूच्या येण्याला शास्त्रात चोराच्या येण्याचीही उपमा आहे, म्हणून चोरी मान्य होत नाही.

३. दुखापत आणि हेतू

"दुखापत तर क्रिकेटमध्येही होते" असे तरुण म्हणतील. खरे आहे. २०१४ साली सिडनीच्या मैदानावर फिलिप ह्यूज या फलंदाजाला मानेजवळ चेंडू लागला आणि दोन दिवसांनी तो वारला. पण तो कोसळताच खेळाडू त्याच्याकडे धावले, खेळ थांबला, सामना सोडून देण्यात आला. मुष्टियुद्धात माणूस कोसळला की पंच दहा अंक मोजू लागतो, आणि तो उठला नाही तर दुसरा विजयी ठरतो. एका खेळात जो अपघात, तोच दुसऱ्या खेळात सर्वांत निर्विवाद विजय.

आपल्या आखाड्याशी तुलना करा. कुस्तीतही हाडे मोडतात. ती निर्धोक आहे असे कोणी म्हणणार नाही. पण कुस्तीत पाठ जमिनीला लागली, माणूस चीत झाला, की काम झाले. हरलेला उठतो, अंगावरची माती झटकतो, जिंकलेल्याच्या हातात हात देतो. प्रतिस्पर्ध्याची शुद्ध हरपावी, ही तेथे विजयाची वाट नाही.

शुद्ध हरपते म्हणजे काय होते? मेंदू कवटीत द्रवाने वेढलेला असतो. जबड्यावर ठोसा बसला की डोके गर्रकन फिरते, मेंदू आत हेलकावतो आणि त्यातील नाजूक तंतू ताणले जातात. हातमोजे ठोसा देणाऱ्याचा हात वाचवतात. डोक्यावरील टोपाने कातडी फाटणे टळते. परंतु आतला हादरा टळत नाही. वर्षानुवर्षे ठोसे खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांची बुद्धी आणि चाल कशी बिघडते, याचे वर्णन मार्टलँड या अमेरिकन डॉक्टरांनी १९२८ सालीच केले होते. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास व्हेगास येथील लढतीत डुक कू किम हा कोरियन तरुण चौदाव्या फेरीत पडला आणि थोड्याच दिवसांत मरण पावला. त्यानंतर धंदेवाईक जागतिक लढतींच्या पंधरा फेऱ्यांच्या बारा करण्यात आल्या. १९८३ साली जागतिक वैद्यकीय संघटनेने या खेळावर बंदीच असावी अशी शिफारस केली.

हौशी मुष्टियुद्ध याहून सौम्य आहे, हेही सांगितले पाहिजे. तेथे तीनच फेऱ्या असतात, गुण मोजले जातात, पंच लवकर लढत थांबवतो. तरीही डोके हे तेथेही लक्ष्यच असते. ज्या डोक्यावर आपण नेम धरतो, ते देवाच्या प्रतिरूपाने निर्माण केलेल्या माणसाचे आहे. आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, तसेच समोरच्याचे जीवनही देवाच्या दृष्टीने मोलाचे आहे.

४. पाहणाऱ्याची जबाबदारी

आपल्यापैकी फार थोडे मुष्टियोद्धे होतील, पण पाहणारे पुष्कळ असतील. संत ऑगस्टीन आपल्या 'कबुलीजबाब' या ग्रंथात मित्र अलिपियस याची हकिकत सांगतो. रोममध्ये मित्रांनी त्याला ओढून तलवारबाजांच्या खेळाला नेले. तो डोळे घट्ट मिटून बसला. एकदम लोकांचा गलका उठला. त्याने डोळे उघडले, रक्त पाहिले आणि त्याची धुंदी त्याला चढली. आला होता तसा तो परत गेला नाही. जखम रिंगणातल्या माणसाच्या देहाला झाली. पाहणाऱ्याच्या आत्म्याला झाली.

आपल्या जिल्ह्यातही विचार करायला लावणारे उदाहरण आहे. गौतमपुऱ्यात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोट युद्ध होते. हिंगोटाचे फळ पोखरून त्यात दारू भरतात आणि ते पेटवून गौतमपुऱ्याचा 'तुर्रा' व रुणजीचा 'कलंगी' हे दोन गट एकमेकांवर फेकतात. त्यात वैर नसते, हारजीत नसते. पण दरवर्षी माणसे भाजतात, आणि २०१७ साली एका तरुणाचा जीव गेला. शेजाऱ्यांच्या परंपरेचा न्याय करायला आपण बसलेलो नाही. प्रश्न आपल्याला आहे : हजारो लोक जमतात, त्यांतला मी एक असेन, तर माझे डोळे काय शोधत असतील?

लूकाच्या शुभवर्तमानात पहारेकरी प्रभूचे डोळे बांधून त्याला मारतात आणि कोणी मारले ते ओळख म्हणतात. त्यांच्या दृष्टीने तो खेळच होता. त्या रात्री आपला प्रभू मार खाणाऱ्याच्या जागी उभा होता, ही गोष्ट टाळ्या वाजवण्यापूर्वी आठवावी.

५. शिक्षकांनी काय सांगावे?

(अ) व्यायाम, दोरीच्या उड्या, पोत्यावर ठोसे मारण्याचा सराव, यांना मनाई करण्याचे कारण नाही. भित्रेपणा हा ख्रिस्ती सद्‌गुण नव्हे.

(आ) लहान मुलांना डोक्यावर ठोसे मारण्याच्या लढतींत उतरवू नये. २०११ साली अमेरिका व कॅनडा येथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी मुलांसाठी व किशोरांसाठी या खेळाला एकत्रितपणे विरोध केला. त्यांनी दुसरे खेळ सुचवावेत असे सांगितले. आपल्या हाताशी तर आखाडा आहेच.

(इ) जो तरुण किंवा तरुणी आधीच या खेळात आहे, त्याला मंडळीत परके करू नये. त्याच्यासाठी प्रार्थना करावी. मार लागल्यावर डोके दुखत असेल तर ते लपवू नये, डॉक्टरांना दाखवावे, असे त्याला आग्रहाने सांगावे.

(ई) पैज लावून किंवा रक्त पाहण्याच्या हौसेने लढत पाहणे सोडावे.

मेरी कोमच्या यशाचा आनंद मानून आणि तिच्या कष्टांचा आदर ठेवूनही आपण म्हणू शकतो की शेजाऱ्याला बेशुद्ध पाडणे हे आपल्या सामर्थ्याचे ध्येय असू नये. बंधुभगिनींनो, सामर्थ्य मिळवा; पण ते कोणाला पाडण्यासाठी वापरायचे आणि कोणाला उचलण्यासाठी, हे प्रभूला विचारून ठरवा.

चर्चेसाठी प्रश्न

१. अपघाताने झालेली इजा आणि हेतूने केलेली इजा यांत देवाच्या दृष्टीने कोणता फरक आहे?
२. पौलाने मुष्टियोद्ध्याकडून काय घेतले व काय सोडले?
३. आपण पाहतो त्या खेळांत व चित्रपटांत आपल्याला नेमके काय आवडते? प्रत्येकाने प्रामाणिकपणे सांगावे.
४. घरची गरिबी दूर करण्यासाठी एखादा तरुण या खेळात उतरत असेल, तर मंडळीने त्याला नुसता सल्ला द्यावा की आणखी काही?