मनगटाचा पट्टा, कोयता आणि बिल

बीडमधून हृदयाच्या तपासणीला संभाजीनगर, लातूर, नगर किंवा पुण्याला निघालात, तर आधी विचारा: अँजिओग्राफी हातातून की मांडीतून? मांडीतून केली की पाय सरळ ठेवून तासन्‌तास पडून राहावे लागते. हातातून केली की रुग्ण लवकर उठून बसतो.

तपासणीसाठी हातातून घातलेली नळी काढल्यावर मनगटावर फुगा असलेला पट्टा बांधतात, त्यात साधारण 13 ते 15 मिली हवा भरतात आणि काही तासांत ती थोडीथोडी सोडतात. काही ठिकाणी गॉजची घडी घट्ट बांधूनही भागते. दाब नेमका हवा. अति झाला तर धमनी बंद पडू शकते. बोटे निळी किंवा बधिर पडली तर नर्सला लगेच बोलवा. हवा स्वतः सोडू नका.

आता पैशाचे. पट्टा एकदाच वापरायचा असतो आणि खासगी बिलात तो ‘कंझ्युमेबल्स’मध्ये दिसतो. पॅकेजमध्ये तो धरला आहे का, हे दाखल होण्याआधीच विचारा आणि तपशीलवार बिल मागा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत 2024पासून राज्यातील सर्व कुटुंबांना वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतील रुग्णालयात मंजूर उपचार मोफत असतात, म्हणून पट्ट्याचे वेगळे पैसे मागितले तर आरोग्यमित्राला गाठा किंवा 155388 वर फोन करा. नुसती अँजिओग्राफी झाली, स्टेंट लागलाच नाही, तर खर्च कोणाचा, हेही आधीच स्पष्ट करून घ्या. पुष्कळ घरे इथेच फसतात.

आपल्या जिल्ह्यात खरा खर्च मात्र बिलाबाहेरचा आहे. नळी बहुधा उजव्या मनगटातून जाते आणि ऊसतोडीचा कोयताही त्याच हातात असतो. म्हणून डॉक्टरांना आपले काम नीट सांगा. ते परवानगी देईपर्यंत कोयता, उसाची मोळी, पाण्याची घागर उचलू नका. तेवढी मजुरी बुडणार हे धरूनच मजुरीची आगाऊ उचल आणि कारखान्याला निघण्याचा दिवस ठरवा. परतीच्या एसटीत त्या हाताने दांडा धरून उभे राहू नका.

घरी रक्त आलेच तर हळद किंवा कॉफी लावू नका. खाली बसा, हात वर धरा आणि जखमेवर बोटांनी सलग 10 मिनिटे घट्ट दाबा. मध्येच उचलून पाहू नका. स्टेंट बसवला असेल तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका. रक्त थांबत नसेल किंवा उसळून येत असेल तर दाब तसाच ठेवून 108 ला फोन करा. ती रुग्णवाहिका मोफत आहे.