कानामागची गोचीड

गोचीड चावताना दुखत नाही, हे आधी लक्षात घ्या. तिच्या लाळेतच भूल असते. डास चावला की मूल खाजवतं, मुंगी डसली की भोकाड पसरतं. गोचीड मात्र चार-चार दिवस चिकटून रक्त पिते आणि पोर मजेत खेळत असतं. त्यामुळे ‘काही असतं तर रडलं असतं’ हा हिशेब इथे लागू नाही. ती शोधावी लागते, आणि डोळ्यांपेक्षा बोटांनी लवकर सापडते.

आमच्या चार वर्षांच्या लेकीच्या कानामागे सापडली ती डोक्याला तेल लावताना बोटाला काहीतरी लागलं म्हणून. दोडामार्ग तालुक्यात आमचं घर, घरामागे काजूची बाग. एप्रिलात आम्ही ठाण्याहून तिकडे पळतो. मोठी माणसं बिया वेचतात, बोंडू पिळतात आणि मुलं पातेऱ्यात, म्हणजे पाचोळ्यात, लोळतात. मोबाइलची बॅटरी मारून पाहिलं तर मोहरीएवढा काळपट ठिपका. मला आधी तीळच वाटला. पण आदल्या दिवशी तो तीळ तिथे नव्हता, आणि आता त्याला पाय होते.

मग घरातला प्रत्येकजण वैद्य झाला. चुलतसासूबाई म्हणाल्या, “रॉकेल हाड गो, आपसूक सुटात.” भावोजींनी काडेपेटी काढली, काडी पेटवून विझवायची आणि गरम टोक टेकवायचं, कुत्र्याला तसंच करतात म्हणे. कुणी चुना सुचवला, कुणी व्हॅसलीन. सगळे अगदी खात्रीने बोलत होते, कारण गुरांवर आणि कुत्र्यांवर हे उपाय पिढ्यान्‌पिढ्या चाललेत. पण गोचिडीच्या सोंडेला उलटे काटे असतात. ती कातडीत रुतून बसलेली असते, रॉकेलने लगेच सुटत नाही. उलट त्रास झाला की ती लाळ आणि पोटातला ऐवज जखमेत सोडण्याची भीती असते, आणि रोगाचे जंतू असलेच तर ते तिथेच असतात. चार वर्षांच्या पोरीच्या कानाशी गरम काडी का नेऊ नये, हे सांगायला तर विज्ञानही नको.

सासूबाईंनी एकच कामाची गोष्ट केली. त्यांनी लेकीला मांडीवर आडवी घेतली, तिच्या हातात कार्टून लावलेला मोबाइल दिला आणि मला म्हणाल्या, “तू सावकाश कर.”

माझ्याकडे भुवया कोरायचा टोकदार चिमटा होता. तो स्पिरिटने पुसला. चपट्या तोंडाचा चिमटा इथे उपयोगाचा नाही, कारण त्यात गोचिडीचं फुगीर पोट सापडतं आणि ते दाबलं की आतला ऐवज मुलाच्या अंगात जाऊ शकतो. पकडायची ती तोंडाशी, कातडीला अगदी लागून. मग सरळ वर ओढायचं, एकसारख्या जोराने. पिळायचं नाही, हिसका द्यायचा नाही. कातडी थोडी वर उचलली जाते, तिथे आपला धीर सुटतो आणि हात सैल पडतो. तो पडू द्यायचा नाही. काही क्षण तसंच धरून ठेवलं आणि ती सुटून आली. लेकीने मान वळवून विचारलं, “झालं?” आणि पुन्हा कार्टूनमध्ये शिरली.

सोंडेचा तुकडा आत राहिला तर सुईने कोरत बसू नका. चिमट्याने सहज निघाला तर ठीक, नाहीतर कातडी त्याला आपोआप बाहेर टाकते. जागा साबणाने धुवायची, स्पिरिट लावायचं, आपले हातही धुवायचे. काढलेली गोचीड नखाने चिरडायची नाही. गावाकडे ती सवय फार आहे. मी ती पारदर्शक चिकटपट्टीत बंद करून कागदावर चिकटवली आणि शेजारी तारीख, गाव, जागा लिहिली. एक सापडली म्हणून शोध थांबवू नका. कानामागे, केसांत, मानेवर, काखेत, बेंबीत, चड्डीच्या इलॅस्टिकखाली, जांघेत, गुडघ्यामागे सगळीकडे बोटं फिरवा. बागेतून आल्यावर मुलांची आंघोळ संध्याकाळीच उरकली की हे आपसूक होतं.

आमच्या भागात हे इतकं मनावर घ्यायचं कारण गोचिडीतून पसरणारा माकडताप. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, पाठोपाठ माणसं तापली, आणि पुण्याच्या विषाणू संशोधकांनी त्यामागचा विषाणू शोधला. पुढे तो सह्याद्रीने सरकत आला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत, २०१६ मध्ये दोडामार्गात, २०१७ मध्ये बांद्याच्या बाजूला त्याची साथ आली. माणसाला चावतात त्या बहुतेक अर्धवट वाढलेल्या, बारीक गोचिडी; पावसाळा संपल्यापासून मेपर्यंत त्या जंगलातल्या पाचोळ्यात असतात. काजूचा हंगाम नेमका याच दिवसांत.

म्हणजे प्रत्येक गोचीड माकडताप देते असं मुळीच नाही. बहुतेक चावे नुसती खाज देऊन जातात. चावल्याबरोबर प्रतिजैविक सुरू करण्यातही अर्थ नाही. माकडताप विषाणूचा, त्यावर ते चालतच नाही. न्यू जर्सीहून नणंदेचा फोन आला, “बहात्तर तासांच्या आत एक गोळी दे, आमच्याकडे देतात.” तिचंही खरं होतं, तिच्या गावापुरतं. तिथे हरणांच्या गोचिडीपासून लाइम नावाचा आजार होतो आणि ठरावीक परिस्थितीत ती गोळी दिली जाते. इंटरनेटवर गोचीड शोधली की पानंच्या पानं त्या आजाराची आणि त्याच्या गोल चट्ट्याची येतात, आणि दोडामार्गातली आई तो चट्टा शोधत बसते. आपल्याकडे पाहायचा तो ताप.

माकडतापाचा ताप चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत, अचानक आणि जोराचा येतो. डोकं भयंकर दुखतं, अंग मोडून येतं, उलट्या होतात. काहींना नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं. काहींचा ताप उतरतो आणि आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा चढतो, तेव्हा मेंदूवर परिणाम दिसू शकतो. शंभर रुग्णांत तीन-पाच दगावतात. हमखास औषध नाही, पण वेळेवर सलाइन आणि देखरेख मिळाली तर बहुतेक बरे होतात. गोचिडीमुळे होणारा दुसराही एक ताप आपल्याकडे आहे, रिकेट्सिया जिवाणूंचा. त्यात मनगटावर, घोट्यांवर, अगदी तळहात-तळपायांवरही पुरळ उठतं. त्यावर डॉक्सिसायक्लिन हे चांगलं औषध आहे आणि डॉक्टर ते लहान मुलांनाही देतात. मात्र त्याला उशीर झाला तर आजार बळावतो. म्हणून चाव्यानंतर महिनाभर तापाकडे डोळेझाक नको.

आमची खरी परीक्षा ठाण्याला परतल्यावर झाली. लेक फणफणली. ठाण्यात मुलाला ताप आला की डॉक्टरांच्या डोक्यात व्हायरल किंवा डेंगी येतो, आणि तसं येणंच साहजिक आहे. माकडताप त्यांनी पुस्तकात वाचलेला असतो, पाहिलेला नसतो. चाकरमान्यांची पंचाईत इथेच आहे: चावा गावात, ताप शहरात. ‘गावाला गेलो होतो’ एवढं सांगून भागत नाही, मे महिन्यात अर्धं ठाणं गावाला गेलेलं असतं. मी तो कागद पुढे ठेवला आणि म्हटलं, “दोडामार्गात काजूच्या बागेत होतो, या तारखेला कानामागून गोचीड काढली, तिथे माकडताप होतो.” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. घसा तपासला, अंगावर पुरळ आहे का पाहिलं, रक्त घ्यायला सांगितलं आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना फोन लावला. तापाच्या पहिल्या काही दिवसांत रक्तात विषाणूच शोधता येतो, नंतर त्याविरुद्धची प्रतिपिंडं तपासावी लागतात. म्हणून ताप कधी सुरू झाला तेही नीट सांगायचं. अहवाल येईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. रक्तस्रावाची शंका असलेल्या तापात ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने देऊ नये. शेवटी ताप घशाचा निघाला.

यंदाही आम्ही जाणार आहोत. मुलांना भीती घालून घरात कोंडायचं तर गावाला जायचंच कशाला? फिक्या रंगाचे लांब कपडे, पायजमा मोज्यात खोचलेला, कपड्यांवर आणि उघड्या राहिलेल्या कातडीवर डीट असलेलं मलम. लहानांच्या हातांना ते लावायचं नाही, हात तोंडात जातात. पातेऱ्यावर बसायचं नाही, आणि गोठ्यात घालायला पातेरा आणला तर मुलांना त्यात लोळू द्यायचं नाही. बागेतले कपडे आल्या आल्या गरम पाण्यात.

आणि बागेत वानर किंवा माकड मरून पडलेलं दिसलं, तर काठीने ढोसायलासुद्धा जवळ जाऊ नका. प्राणी मेला की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपास पसरतात. प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा आणि तिथे फवारणी होईपर्यंत त्या बाजूला मुलांना पाठवू नका, गुरांनाही नको.