एंटर दाबण्याआधी

बाळा, उद्यापासून सर्व्हर रूमची किल्ली तुझ्याकडे. बाकीचं हळूहळू येईल, पण लिनक्समधल्या डिस्कच्या नावांचं आजच ऐकून ठेव.

एसडीए, एसडीबी ही काही डिस्कची कायमची नावं नव्हेत. मशीन सुरू होताना कर्नलला जी आधी सापडली ती एसडीए, तिच्या मागची एसडीबी. रिझर्व्हेशन नसलेल्या एसटीसारखं आहे ते, आज खिडकीशी तू, उद्या आणखी कुणी. जुन्या आयडीई डिस्कचं तसं नव्हतं. एचडीए म्हणजे पहिल्या केबलवरची मास्टर, एचडीसी म्हणजे दुसऱ्या केबलवरची. मधली काढली तरी एचडीसी ही एचडीसीच राहायची. आम्ही त्यावर वाढलो, आणि तीच सवय मला नडली.

एका छापखान्यात नवी डिस्क बसवली होती. संध्याकाळी बघितलं तेव्हा ती एसडीबी होती. रात्री कुणीतरी बॅकअपची यूएसबी डिस्क लावून ठेवली, सकाळी मशीन रीबूट झालं आणि नावं सरकली. मी पुन्हा न बघता एसडीबीवर एमकेएफएस चालवलं. यावर आधीच काहीतरी आहे, पुढे जाऊ का, असं त्यानं विचारलंसुद्धा. मी सवयीनं ‘वाय’ दाबलं. बॅकअप गेला. मालक काही बोलले नाहीत, नुसते खुर्चीत बसून राहिले. ते अजून डोळ्यांपुढे आहे.

तेव्हापासून माझी रीत ठरली. प्रत्येक ट्रेवर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे. डिस्क पुसणारं काहीही चालवायचं असलं की एलएसबीएलकेकडून साइज, मॉडेल आणि सिरियल हे तीन रकाने मागून घ्यायचे. आकडे मोठ्यानं वाचायचे, ट्रेवर बोट ठेवायचं, मगच एंटर. कमांडमध्येही एसडीबी लिहू नकोस. डेव्हच्या आत डिस्क, त्यात बाय-आयडी, तिथलं लांबलचक नाव घे. त्यात मॉडेल आणि सिरियल दोन्ही असतात.

एफएसटॅबमध्ये यूयूआयडीच लिही, तो बीएलकेआयडी सांगतं. बाहेरच्या डिस्कच्या ओळीत नोफेल घाल, नाहीतर ती लावलेली नसली की मशीन बूट होता होता अडकतं. मात्र डीडीनं डिस्कची नक्कल केलीस तर यूयूआयडीचीही नक्कल होते. असल्या दोन जुळ्या डिस्क एका मशीनमध्ये ठेवू नकोस.

एसडीए२ नंतर एकदम एसडीए५ दिसलं तर घाबरू नकोस. जुन्या एमबीआर पद्धतीत १ ते ४ आकडे प्रायमरी पार्टिशनांसाठी राखलेले, लॉजिकल ५ पासून सुरू. एनव्हीएमईचं नाव तुकडे पाडून वाच: एनव्हीएमई० हा कंट्रोलर, एन१ नेमस्पेस, पी२ पार्टिशन. डिस्कचं नाव आकड्यानं संपतं, म्हणून मध्ये तो ‘पी’ घालावा लागतो.

कोपऱ्यातल्या मशीनवर ओपनबीएसडी आहे, तिथं वेगळा हिशेब. एसडी०ए म्हणजे सहसा रूट, बी म्हणजे स्वॅप, आणि सी म्हणजे अख्खी डिस्क. सी रिकामं पार्टिशन समजून त्याला कधी हात लावू नकोस.

चिकटपट्टीचं रीळ खालच्या ड्रॉवरमध्ये आहे. तिसऱ्या ट्रेवरचे आकडे पुसट झालेत, ते उद्या आल्या आल्या नवे लिही.