घराचा इसार देण्यापूर्वी



उसाचे बिल हाती आले की तालुक्याच्या गावी एखादे लहानसे घर घ्यावे, असा विचार पुष्कळ घरांतून चालतो. पोरांच्या शिक्षणाची सोय होते, म्हाताऱ्या माणसांना दवाखाना जवळ पडतो. आम्ही काही वकील नव्हे, आमचे काम बेण्याचे आणि लागणीचे. परंतु गट ऑफिसात ऊसनोंदीला आलेले सभासद घराचे कागदही पुढे करतात, म्हणून हे लिहीत आहोत.

गेल्या हंगामात एका सभासदाबरोबर आम्ही असेच एक घर बघायला गेलो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे पडवी, मागे आड. विकणारे दोघे भाऊ, वडील वारलेले. किंमत बेताची. आमचे सभासद तिथल्या तिथे इसार द्यायला निघाले. आम्ही सहज विचारले, "वडिलांना मुली किती?" दोघे भाऊ एकमेकांकडे बघू लागले. बहिणी दोन, आणि एकीच्या तर हा विषय कानावरच घातला नव्हता!

व्यवहार अडतो तो इथे. वडील मृत्युपत्र न करता वारले, तर त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुली, विधवा आणि आई यांना मुलांच्या बरोबरीने वाटा, हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला जन्माने हक्क मिळाला. आपल्या राज्याने ती दुरुस्ती १९९४ साली केली, पण त्यात आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने लग्न झालेली, न झालेली, हा भेद राहिला नाही. "लग्नात सगळं दिलंय तिला" हे घरात चालते, कोर्टात चालत नाही. बहिणीने हक्क सोडला म्हणत असतील, तर नोंदणी झालेले हक्कसोडपत्र बघायला मागा.

घरपट्टीची पावती किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवून मालकी सांगतात. ती कर आकारणीची नोंद, तिने मालकी ठरत नाही. सिटी सर्व्हे झाला असेल तिथे मिळकत पत्रिका काढावी, दुय्यम निबंधकाकडे मागील तीस वर्षांचा शोध घ्यावा, बँकेचा वा पतसंस्थेचा बोजा बघावा. साठेखत झाले म्हणजे घर आपले झाले असे नाही. मालकी येते ती नोंदवलेल्या खरेदीखतानेच. इसार चेकने द्या. वीस हजार वा त्याहून जास्त रक्कम रोख घेण्यास १ जून २०१५ पासून आयकर कायद्याने बंदी आली आहे, आणि चेकचा पुरावाही राहतो.

आता मातीचे, जे आम्हाला जास्त कळते. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जाते. विक्रीच्या तोंडावर ताजा रंग दिसला की भिंतीवरून हात फिरवून बघावा. घर मे महिन्यात एकदा आणि पाऊस लागल्यावर पुन्हा बघावे. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी, महिन्याने वाढ कळते. भिंतीच्या तळाशी लोणा धरला असेल तर नुसता गिलावा मारून भागत नाही, ओल कुठून चढते ते शोधावे लागते.

त्या घराचे खरेदीखत दोन्ही बहिणींच्या सह्यांनी झाले. तीन महिने गेले, दोघींना त्यांचा वाटा चेकने पोचला. पडवीच्या कोपऱ्यातल्या भेगेवर आमची पेन्सिलीची खूण आहे. यंदाच्या पावसानंतर आम्ही ती पुन्हा बघायला जाणार आहोत.