आधी पाय, मग फिल्म

कंबर धरली की आमच्या हुबळी-धारवाडच्या नवनगरात सल्ल्यांना तोटा नसतो. एकाने मला मणका ‘बसवून देणाऱ्या’चा पत्ता दिला, दुसऱ्याने महिनाभर फळीवर झोपायला सांगितलं. एका खासगी दवाखान्यात तर एमआरआयची फिल्म उजेडात धरून थेट ऑपरेशनची तारीखच काढली. पायाला कोणी हातही लावला नव्हता. “उशीर केलात तर पाय जाईल,” हे ऐकून घरच्यांचं धाबं दणाणलं.

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला उताणं झोपवून उजवा पाय गुडघ्यात न वाकवता हळूहळू उचलला. वीतभर जातो न जातो तोच कंबरेपासून पोटरीपर्यंत कळ सणकली. मग टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं. शेवटी पायाचा अंगठा दाबून धरत म्हणाले, “वर उचला.” उचलला गेला. “नस चिडलीय, पण ताकद शाबूत आहे. थांबता येईल.” थांबलो, आणि ऑपरेशनविना हिंडूफिरू लागलो.

दुखणं नसलेल्यांचा एमआरआय काढला, तरी चाळिशीत जवळपास निम्म्या जणांची मणक्यांमधली गादी फुगलेली दिसते. शिवाय गादीतून बाहेर आलेला गर बऱ्याचदा शरीर हळूहळू शोषून घेतं. ६ ते १२ आठवड्यांत बहुतेकांचं दुखणं उतरतं. म्हणून फिल्म पायाच्या तपासणीशी जुळवून वाचायची.

सुरुवातीला एक-दोन दिवस विश्रांती पुरे. पुढे झेपेल तेवढं चालावं. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात, बीपी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर विशेष जपून. कळ ओसरली की फिजिओथेरपी. भरलेली बादली, सिलिंडर उचलणं आणि पुढे वाकायची आसनं तूर्त बंद. कंबरेचा पट्टा दिवसभर बांधून ठेवू नये. झटका देऊन मणका बसवणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नये.

नसेजवळ दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही काळ आराम पडतो, गादी मात्र जागेवर जात नाही. दीड-दोन महिने उपचार करूनही पायातली कळ सोसवत नसेल, तर ऑपरेशनचा विचार जरूर करावा. मायक्रोडिस्केक्टमीत नसेवर दाबणारा तुकडा काढतात. पायाची कळ लवकर थांबते, कंबरदुखी मात्र थोडीफार राहू शकते आणि गादी पुन्हा सरकण्याची शक्यताही उरते. हे सगळं आधीच विचारून घ्यावं.

पाऊल लुळं पडू लागलं, चालताना चप्पल निसटू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. आणि लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, जांघेत, बसायच्या जागी बधिरपणा आला, दोन्ही पायांतली शक्ती गेली, तर सकाळची वाट पाहू नका. विद्यानगरचं किम्स असो की सत्तूरचं एसडीएम, रिक्षा करून थेट तातडीच्या विभागात जा आणि लघवीची तक्रार सर्वांत आधी सांगा. अशा वेळी ऑपरेशन टाळणंच महागात पडतं.