साकी कुठे चुकली, ते सांग

तंजावर

चि. भाचीस,

गोविंदपुरमच्या उत्सवासाठी कीर्तन बसवणाऱ्या मुलांच्या चुका काढायचं काम गुरुजींनी तुझ्यावर सोपवलं, याचा फार आनंद झाला. तू पाठवलेली वही वाचली. एका मुलापुढे लिहिलं आहेस ‘भाव नाही’, दुसऱ्यापुढे ‘छान’. या दोन्ही शेऱ्यांचा पोरांना काडीचा उपयोग नाही. ‘भाव नाही’ वाचून तो मुलगा उद्या करणार काय? डोळे मिटून गाईल, एवढंच.

त्याचं मीही ऐकलं आहे. कीर्तनातली साकी हे पद्य म्हणताना चरणाच्या शेवटच्या शब्दावरच तो चिपळ्या जोरात वाजवतो. मागे बसलेल्या आजीबाईंना यमक ऐकूच येत नाही आणि पुढच्या निरूपणाचा धागा सुटतो. ‘तिथे चिपळ्या आवर’ एवढं सांगितलंस, तर त्याच बैठकीत फरक पडेल. भाव येईल की नाही, कोण सांगणार. शब्द तरी पोचेल.

आपल्याकडचा वीणेचा कारागीर मेणावर चोवीस पडदे बसवतो. एखादा पडदा बेसूर बोलला, तर तेवढाच हलवतो आणि पुन्हा तार छेडून ऐकतो. अख्ख्या वीणेला नावं ठेवत नाही.

मागे एक पाहुणे इथलं कीर्तन ऐकून म्हणाले होते, ‘मृदंग काय, कर्नाटकी राग काय, हे कीर्तनच नव्हे!’ असं तू कुणाला बोलू नकोस. १८५५ साली इथलं मराठी राज्य गेलं. पण त्याच शतकात रामचंद्रबुवा मोरगावकरांनी मराठी कीर्तन इकडे रुजवलं आणि कृष्ण भागवतरांनी त्यातल्या साकी-दिंडीला कर्नाटक संगीताची जोड देऊन हरिकथा उभी केली. मग इथल्या मुलाला जे करायचंच नव्हतं ते त्याने केलं नाही, म्हणून दोष कसला द्यायचा? आधी विचार, ‘तुला इथे काय साधायचं होतं?’

कडक बोलायला माझी ना नाही. मात्र चारचौघांत नको, आणि दोन दिवसांनीही नको. आख्यान कानात ताजं असतानाच बाजूला घेऊन सांग. एका वेळी एकच चूक.

येत्या एकादशीला तो चिपळ्या वाजवणारा मुलगा पुन्हा कीर्तनाला उभा राहील. तू आजीबाईंच्या रांगेत बस आणि यमक पोचतं का ते ऐक. नाही पोचलं, तर नंतर चिपळ्या स्वतःच्या हातात घेऊन साकी म्हणून दाखव.

तुझा मामा